बाबांनी फॅमिली ग्रुप सोडला आणि बीपीची गोळीसुद्धा

पत्र असं आहे :

ताई, मी भांडुपला राहते, वय ३१. घरी आई, बाबा आणि मी. बाबा बेस्टमधून रिटायर झालेत. एप्रिल २०२१ मध्ये माझा सख्खा काका कोविडने गेला. तो व्हेंटिलेटरवर असताना रेमडेसिविरची चिठ्ठी मिळाली आणि बाबा रात्रभर ठाण्यापासून परळपर्यंत मेडिकल पालथे घालत फिरले, कुठेच मिळालं नाही. काका गेला, प्लास्टिकमध्ये गुंडाळून थेट स्मशानात नेलं, चेहरासुद्धा बघायला मिळाला नाही. तेव्हापासून बाबांचं एकच, हॉस्पिटलवाल्यांनी मारलं, किडन्या काढल्या, प्रत्येक कोविड बॉडीमागे त्यांना पैसे मिळत होते. दिवसभर फोनवर तसलेच व्हिडिओ बघतात आणि आत्या आणि ते मिळून फॅमिली ग्रुपवर टाकत राहतात. मी प्रत्येक वेळी खाली फॅक्ट चेकची लिंक टाकायचे. मागच्या महिन्यात मी सगळ्यांसमोर लिहिलं की बाबा प्लीज हा मूर्खपणा बंद करा, तर ते ग्रुप सोडून गेले आणि माझ्याशी नीट बोलत नाहीत. आता बिल्डिंगमध्ये ताप-खोकल्याची साथ आहे, दोघांची कोविड टेस्ट पॉझिटिव्ह आलीय, बाबांनाही कणकण आहे पण टेस्ट करणार नाही म्हणतात. आणि काल आईने सांगितलं की बीपीच्या गोळ्या त्यांनी पंधरा दिवसांपासून बंद केल्यात, कुठल्यातरी व्हिडिओत ऐकलं की त्याने किडनी जाते. खरं सांगू का, माझं मलाही कळत नाही काय खरं. कोविशिल्डने हार्ट अटॅक येतात हे तर कंपनीने कोर्टात कबूल केलं ना? आमच्या विंगमधला ३८ वर्षांचा मुलगा जिममधून आला आणि गेला. मी बाबांना काय आणि कसं सांगू?
– भांडुपची एक मुलगी

अगं, सगळ्यात आधी गोळीचं बघू, बाकी सगळं त्याच्यानंतर.

बीपीची गोळी बंद केली की बीपी परत चढतं, काही गोळ्यांचं तर असं आहे की अचानक सोडल्या तर एकदम उसळी मारून चढतं, आणि चढलेलं बीपी दुखत नाही हाच मोठा घोळ आहे, माणसाला वाटतं मला तर काहीच होत नाहीये, गोळी नव्हतीच लागत, आणि पहिलं लक्षण म्हणून थेट लकवा समोर येतो. त्यामुळे आज संध्याकाळी बीपी मोजा, घरी मशीन नसेल तर गल्लीतल्या दवाखान्यात मोजून देतात, आणि बाबांची जुनी चिठ्ठी घेऊन त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. कुठली गोळी, किती पॉवरची, परत कशी सुरू करायची हे त्यांनाच ठरवू दे, तू घरी अंदाजाने देऊ नकोस, बंद करून पंधरा दिवस झालेत. आणि वरचा आकडा १८० किंवा खालचा १२० च्या पुढे असेल आणि सोबत छातीत दुखणं, धाप लागणं, बोलणं अडखळणं, तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळा पडणं यातलं काहीही असेल तर दवाखाना नाही, सरळ हॉस्पिटल.

आता तो किडनीवाला व्हिडिओ. मी तो बघितला नाही पण त्यात काय असणार ते मला माहितीये, कारण माझ्या दवाखान्यात महिन्यातून कितीतरी पेशंट असला फोन माझ्यासमोर धरतात. यात एक कण खरा आहे आणि तो कण नाकारलास तर बाबा तुझं पुढचं काहीच ऐकणार नाहीत. बीपीच्या काही गोळ्या, टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल या जातीतल्या, सुरू केल्यावर क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चाललीय ते दाखवणारा रक्तातला आकडा, थोडं वर जाऊ शकतं, पोटॅशियम वाढू शकतं, म्हणून तर डॉक्टर अधूनमधून रक्त तपासायला सांगतात. पण याच गोळ्या आम्ही डायबेटिसवाल्यांना किडनी वाचावी म्हणून देतो. किडनी खराब व्हायची जी मोठी कारणं आहेत त्यात डायबेटिस आणि वर्षानुवर्षं कंट्रोलमध्ये नसलेलं बीपी ही सगळ्यात वर आहेत. म्हणजे ज्या भीतीने बाबांनी गोळी सोडली ती भीती गोळी सोडल्यानेच खरी होण्याची शक्यता जास्त. त्यांना म्हण, बाबा तुमची शंका बरोबर आहे, किडनी तपासून बघूया, क्रिएटिनिनची टेस्ट करू, रिपोर्ट तुम्ही स्वतः बघा आणि मग डॉक्टरांना विचारा. शंका घेणाऱ्या माणसाच्या हातात त्याचा स्वतःचा रिपोर्ट दिला की बोलणं कितीतरी सोपं होतं, व्हिडिओतल्या माणसाने बाबांचं रक्त तपासलेलं नसतं ना.

बरं, हे झालं तातडीचं. आता मला तुझ्या काकांबद्दल बोलायचंय, कारण तुझं पत्र मी वाचलं तेव्हा मला वाटलं की तू व्हिडिओंशी भांडतेयस पण बाबा व्हिडिओंबद्दल बोलतच नाहीयेत, ते त्या रात्रीबद्दल बोलतायत. भिंतीला आतून ओल असेल तर वरून कितीही वेळा रंग मारा, पुढच्या पावसात परत फुगतो, तसं तुझ्या लिंकांचं झालंय.

एक माणूस रात्रभर एका इंजेक्शनसाठी मुंबई पालथी घालतो, त्याला मिळत नाही आणि भाऊ जातो. त्याच्या मनात काय राहणार? मी कमी पडलो. मला ते मिळालं असतं तर तो जगला असता. हे घेऊन रोज जगणं फार कठीण आहे गं, त्यापेक्षा हॉस्पिटलवाल्यांनी मारलं हे मानणं सुसह्य आहे, त्यात निदान दोष दुसऱ्याचा असतो. बाबांना असं वाटतंय याची मला खात्री नाही, मी त्यांना भेटलेले नाही, पण त्या लाटेतले इतके भाऊ, मुलगे, नवरे मी पाहिलेत की मला हीच शंका पहिल्यांदा येते.

आणि म्हणून तुला एक गोष्ट त्यांना सांगायची आहे जी बहुतेक आजवर कुणी सांगितलेली नाही. रेमडेसिविर हे व्हेंटिलेटरवर गेलेल्या माणसाला वाचवणारं औषध नव्हतं. हे आम्हाला एप्रिल २०२१ च्या आधीच कळलेलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेने अनेक देशांत मिळून मोठी चाचणी केली, सॉलिडॅरिटी नाव तिचं, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांनी सांगितलं की अॅडमिट पेशंटना हे देण्याची शिफारस आम्ही करत नाही. पुढे जास्त माहिती आल्यावर दिसलं की ज्यांना नुसता ऑक्सिजन लागतोय अशांना थोडासा फायदा असू शकतो, पण व्हेंटिलेटरवरच्या पेशंटना नाही. तरी आपल्याकडे चिठ्ठीवर चिठ्ठी फाटत होती, लोक दागिने विकून काळ्या बाजारातून घेत होते, टीव्हीवर अशा भाषेत बोललं जात होतं की जणू ते मिळालं म्हणजे माणूस घरी आला. माझ्या मते दुसऱ्या लाटेतली सगळ्यात क्रूर चुकीची माहिती हीच होती, आणि ती व्हॉट्सअॅपवरून आली नव्हती, हॉस्पिटलच्या लेटरहेडवरून आली होती. तुझे बाबा त्या चुकीच्या माहितीचे बळी आहेत. त्यांना हे सांग. म्हण, बाबा, ते इंजेक्शन मिळालं असतं तरी काका वाचला असता असं डॉक्टर म्हणत नाहीत, तुम्ही कुठेही कमी पडला नाहीत. हे वाक्य ग्रुपवर टाकायचं नाही. शेजारी बसून बोलायचं. आणि लगेच दुसरा विषय काढायचा नाही, ते जेवढा वेळ गप्प बसतील तेवढा वेळ बसू दे.

मग कामाला येणारं औषध कुठलं होतं, असं ते विचारतील कदाचित. ऑक्सिजन, आणि डेक्सामेथासोन नावाचं जुनं, अगदी स्वस्त स्टेरॉइड. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत दिसलं की व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमध्ये त्याने मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी झाले, ऑक्सिजनवरच्यांत साधारण एक पंचमांशाने, आणि ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांना काहीही फायदा नाही. या शेवटच्या वाक्याचं आपल्याकडे काय झालं ते बघ. स्टेरॉइडने कोविड बरा होतो एवढंच पसरलं, अर्धी चिठ्ठी फिरली, लोकांनी ताप आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून घरी स्टेरॉइड सुरू केलं, शुगर आभाळाला भिडली, आणि पुढे म्युकरमायकोसिसचे, ज्याला सगळे काळी बुरशी म्हणत होते, एवढे पेशंट आले त्यात बेफाम स्टेरॉइड आणि वाढलेली शुगर ही मोठी कारणं होती. खरी माहिती अर्धी कापून दिली तरी माणूस मरतो.

आता किडन्यांचं. त्यावर तू चिडू नकोस, आणि हसू तर अजिबात नकोस. ज्याला भावाचा चेहरा बघायला मिळाला नाही त्याच्या मनात त्या प्लास्टिकच्या आत काय होतं हा प्रश्न येणारच. आणि तुला माहितीये का, केंद्र सरकारच्या मार्च २०२० च्या नियमांतच लिहिलेलं होतं की कर्मचाऱ्यांनी काळजी घेऊन बॅगची चेन चेहऱ्याकडून उघडून नातेवाइकांना शेवटचं दर्शन देता येईल. नियम होता, पण गर्दीत, भीतीत, माणसं कमी पडल्यामुळे कितीतरी ठिकाणी तो पाळला गेला नाही. ही तुमच्या घराशी झालेली खरी चूक आहे आणि ती खरी आहे असं बाबांना कुणीतरी म्हणायला हवं. ते म्हटल्यावर मग पुढचं सांगता येतं, की किडनी दुसऱ्याला बसवायची तर हृदय थांबल्यावर तासन् तास पडून राहिलेल्या शरीरातली चालत नाही, आपल्याकडे मेंदू मृत झालाय पण हृदय चालू आहे अशा दात्याकडून घेतात, त्यासाठी चार डॉक्टरांच्या पॅनेलने किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून सह्या करायच्या असतात, काढलेली किडनी एक-दीड दिवसात बसवावी लागते, तिच्यासाठी मोठं ऑपरेशन थिएटर आणि आधीच जुळवून ठेवलेला पेशंट लागतो, आणि कोविड पॉझिटिव्ह माणसाचे अवयव तर त्या काळात घेतच नव्हते. असले धंदे कधीच कुणी केले नाहीत असं मी म्हणणार नाही, मुंबईत किडनी रॅकेटच्या केसेस झालेल्या आहेत, आणि बाबा ते तुझ्या तोंडावर मारतील. पण त्या केसेस जिवंत माणसांच्या होत्या, खोटी नाती दाखवून, पैशाचं आमिष दाखवून. कोविड वॉर्डमधून मेलेल्या माणसाच्या किडन्या काढून विकणं हे शरीराच्या हिशोबातच बसत नाही.

बॉडीमागे पैसे मिळत होते हेही खोटं. पण बिलं लावली गेली होती भरमसाट, हे खरं. म्हणूनच मे २०२० मध्ये राज्य सरकारला खाजगी हॉस्पिटलमधल्या ८० टक्के बेडचे दर बांधून द्यावे लागले, साधा वॉर्ड दिवसाला ४,००० रुपये, आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटरसकट ९,०००. दर बांधून द्यावे लागतात म्हणजे लूट होत होती, आणि ज्याने ती भोगलीय त्याला तू हॉस्पिटलवर विश्वास ठेवा म्हणून सांगितलंस तर तो का ठेवेल?

काकांची डेथ समरी घरात असेल तर ती शोध. हॉस्पिटलने इनडोअर पेपर, म्हणजे अॅडमिट असतानाचे कागद, तीन वर्षं जपून ठेवायचे असतात, ती मुदत उलटून गेलीय त्यामुळे तिथे आता काही मिळेलच असं नाही, पण घरातल्या फाइलमध्ये समरी, बिलं, रिपोर्ट काहीतरी असतंच. ते घेऊन बाबांना तुमच्या डॉक्टरांकडे ने आणि त्यांना हवे तेवढे प्रश्न विचारू दे. ऑक्सिजन किती होता, कधी व्हेंटिलेटरवर टाकलं, का टाकलं. इतकी वर्षं त्यांना कुणी समोर बसवून हे सांगितलेलं नाही, ती रिकामी जागा व्हिडिओवाल्यांनी भरली.

आणि हे नवीन नाहीये गं, याच शहरात आधी झालंय. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मांडवीला डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, आणि पुढच्या महिन्यात गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर हल्ला केला, आज आपण ज्याला कस्तुरबा म्हणतो ते. अफवा काय होती, तर इथे नेलेल्या माणसाला मारतात आणि त्याच्या शरीरातून मोमियाई, म्हणजे औषधी समजलं जाणारं तेल, काढतात. माणसाला घरातून उचलून नेत होते, आत काय चाललंय ते घरच्यांना कळत नव्हतं, आणि बाहेर यायचं ते प्रेत. सव्वाशे वर्षांनी तुझ्या बाबांचं वाक्य तेच आहे, मोमियाईच्या जागी किडनी आलीय, कारण बंद दाराबाहेर उभं राहणं तेच आहे. त्या वेळी लोकांची भीती कशाने कमी झाली हेही बघण्यासारखं आहे, वेगवेगळ्या समाजांनी आपापली प्लेग हॉस्पिटलं उघडली, जिथे ओळखीची माणसं होती, नातेवाइकांना भेटता येत होतं, मग लोक आपणहून जायला लागले. माहिती कोण देतंय आणि दार उघडं आहे का, हे लोक आधी बघतात.

म्हणून मी तुला सांगतेय की बाबांना पटवणारी व्यक्ती तू नसशील कदाचित, आणि त्यात तुझा अपमान नाही. बेस्टमधले जुने मित्र असतील ना, सकाळी सोबत चालायला जाणारे, त्यातला एखादा शहाणा माणूस शोध ज्याचं बाबा ऐकतात, ज्याने स्वतः बायपास वगैरे करून घेतलीय, नियमित गोळ्या घेतो. त्याच्याशी आधी बोल. आत्याचंही तसंच, ती भावाच्या दुःखात त्याला साथ द्यायला म्हणून पाठवतेय सगळं, तिला फोन कर, ग्रुपवर तिच्या मागे लागू नकोस.

ग्रुपवर जे झालं त्याबद्दल बाबांची माफी माग. तुझा मुद्दा चुकला म्हणून नाही, पण नातेवाइकांसमोर मूर्खपणा म्हणालीस त्याबद्दल. त्या पिढीच्या माणसाला मुलीने चारचौघांत असं बोललेलं विसरणं फार अवघड जातं. आणि त्यांना ग्रुपवर परत आणायची घाई करू नकोस.

आता तुझा प्रश्न, कोविशिल्डचा. यातही कण खरा आहे. ब्रिटनमधल्या कोर्टात अॅस्ट्राझेनेकाने, म्हणजे ज्या कंपनीची लस आपल्याकडे कोविशिल्ड नावाने दिली गेली तिने, मान्य केलं की लसीमुळे अत्यंत क्वचित टीटीएस होऊ शकतं, म्हणजे रक्तात गुठळ्या होतात आणि सोबत प्लेटलेट कमी होतात. २०२४ मध्ये ती बातमी अशी फिरली की जणू लपवलेलं पाप उघडं पडलं. पण हा संबंध युरोपच्या औषध नियामकाने एप्रिल २०२१ मध्येच जाहीर केला होता, त्यानंतर काही देशांनी तरुणांना ही लस देणं थांबवलंसुद्धा. आणि ते होतं तेव्हा लस घेतल्यापासून पहिल्या काही आठवड्यांत होतं, जास्तीत जास्त दीडेक महिन्यात, बहुतेक पहिल्या डोसनंतर. इतक्या वर्षांनी जिममधून आलेला मुलगा गेला त्याचा याच्याशी संबंध लावता येत नाही. तू जे हृदयाला सूज येण्याचे व्हिडिओ बघितले असशील ते बहुतेक फायझर, मॉडर्नाबद्दलचे असतात, त्या लसींनी तरुण मुलांमध्ये क्वचित तसं होतं हे खरं आहे, पण आपल्याकडे लोकांना त्या दिल्याच नाहीत, इथे मुख्यतः कोविशिल्ड आणि कोव्हॅक्सिन होत्या. परदेशातला व्हिडिओ, खाली मराठी अक्षरं.

आयसीएमआरने, म्हणजे केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेने, यावर नीट अभ्यास केला, देशभरातली ४७ हॉस्पिटलं घेऊन, १८ ते ४५ वयाची धडधाकट माणसं जी ऑक्टोबर २०२१ ते मार्च २०२३ मध्ये अचानक गेली, अशा ७२९ केसेस, आणि त्यांच्याच वयाची, त्यांच्याच शेजारपाजारची जिवंत माणसं तुलनेला. लसीमुळे धोका वाढलेला दिसला नाही, दोन डोस घेतलेल्यांत उलट कमी दिसला. वाढलेला कुणात दिसला, तर ज्यांना आधी कोविडमुळे अॅडमिट व्हावं लागलं होतं, ज्यांच्या घरात कुणी असं अचानक गेलं होतं, ज्यांनी मरणाच्या आधीच्या दोन दिवसांत भरपूर दारू प्यायली होती किंवा अंगावर येईल इतका जोरदार व्यायाम केला होता. आणि एक साधी गोष्ट लक्षात घे, मुंबईतल्या बहुतेक सगळ्या मोठ्या माणसांनी लस घेतलीय, त्यामुळे इथे कोणीही गेलं, ट्रेनमधून पडून गेलं तरी, तो लस घेतलेलाच निघणार. लस घेतली होती आणि गेला, एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, लस न घेतलेल्यांशी तुलना करावी लागते आणि ती व्हिडिओत कधीच नसते. त्या मुलाच्या घरच्यांना मात्र यातलं काही सांगायला जाऊ नकोस. त्याला भाऊ-बहीण असतील तर त्यांनी एकदा हृदयाची तपासणी करून घ्यावी एवढंच योग्य वेळ बघून सुचव.

तू विचारलंयस काय खरं हे ओळखायचं कसं. मी स्वतः काय बघते ते सांगते. पहिलं म्हणजे माझ्या अंगात ते वाचताना काय होतं, राग, भीती, किंवा हुश्श, आता सुटलो असं वाटणं. असं काही झालं की मी फोन खाली ठेवते. आठवतंय, २२ मार्च २०२० च्या जनता कर्फ्यूच्या आदल्या दिवशी सगळ्यांकडे आलं होतं की व्हायरस बारा तास जगतो आणि कर्फ्यू चौदा तासांचा आहे म्हणजे साखळी तुटणार. किती बरं वाटलं होतं वाचून! आणि व्हायरस रस्त्यावर नव्हता, माणसांच्या घशात होता, घराघरात. एप्रिल २०२१ मध्ये ऑक्सिजन मिळत नव्हता तेव्हा कापूर, लवंग, ओव्याची पुरचुंडी हुंगली की ऑक्सिजन वाढतो हे फिरलं. कापराने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, रक्तातला ऑक्सिजन तिळभर वाढत नाही, पण ऑक्सिमीटर ८८ दाखवत असताना लोक ती पुरचुंडी हुंगत घरी थांबले, त्यात वेळ गेला. पालथं झोपल्याने ऑक्सिजन वाढू शकतो हे मात्र खरं होतं, आणि दोन्ही मेसेज एकाच ग्रुपवर एकाच दिवशी आलेले असायचे. दिसायला अगदी सारखे. त्यामुळे मेसेज कसा दिसतो त्यावर जाऊ नकोस, डॉक्टरचं नाव आहे, मोठ्या हॉस्पिटलचं नाव आहे, रडवेला आवाज आहे, यातलं काहीही कुणालाही घालता येतं. तारीख आहे का, ते नाव शोधल्यावर तोच माणूस तेच बोललेला दुसरीकडे सापडतो का, आणि याने सगळ्यांचं सगळं बरं होतं असा दावा आहे का, हे बघ. दोन बाणांची खूण असली म्हणजे तो मेसेज बऱ्याच हातांतून आलाय, पाठवणाऱ्याने तो लिहिलेला नाही, एवढं तरी आत्याला दाखव.

पण शंका घेणं वाईट असं मी कधीच म्हणणार नाही. कांदिवलीच्या एका सोसायटीत ३० मे २०२१ ला लसीकरणाचा कॅम्प झाला, ३९० जणांनी पैसे भरून लस घेतली. नंतर रहिवाशांच्या लक्षात आलं की कुणालाच ताप नाही, हात दुखत नाही, आणि सर्टिफिकेटं वेगवेगळ्या हॉस्पिटलांच्या नावाची, तारखा चुकलेल्या. त्यांनी त्या हॉस्पिटलांना विचारलं, पोलिसांत गेले, आणि कॅम्पच बोगस निघाला. ती शंका बरोबर होती कारण ती तपासता येत होती आणि त्यांनी तपासली. बाबांना ही गोष्ट सांग, त्यांना आवडेल, आणि मग त्यांच्या पुढच्या व्हिडिओला तसंच विचारू दे, कुणाला फोन करून हे खरं-खोटं करता येईल?

एक मात्र ते नक्की म्हणतील, की तुम्ही डॉक्टर लोक रोज वेगळं सांगत होतात. खरंय. आधी म्हटलं निरोगी माणसाला मास्क नको, मग जून २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गर्दीत सगळ्यांनी घाला सांगितलं. प्लाझ्मासाठी, म्हणजे कोविडमधून बऱ्या झालेल्यांच्या रक्तातल्या पातळ भागासाठी, लोकांनी जिवाचं रान केलं, आणि आयसीएमआरच्याच चाचणीत ३९ हॉस्पिटलांतल्या ४६४ पेशंटवर फायदा दिसला नाही, तरी मे २०२१ पर्यंत ते सरकारी उपचारांच्या यादीत राहिलं. ते आधीच काढायला हवं होतं असं माझं स्पष्ट मत आहे, आणि उशीर केल्याने लोकांचा विश्वास गेला. पण चूक कुणी दाखवली, तर चाचणी करणाऱ्यांनीच, आकडे उघडे ठेवून. जो व्हिडिओवाला गेली पाच वर्षं एकदाही चुकलेला नाही त्याच्यापासून जास्त सावध राहायला हवं.

आता कणकणीचं. बाबांना टेस्ट करा म्हणून अडून बसू नकोस, हट्टाला हट्ट होईल. टेस्टपेक्षा आत्ता त्यांच्यावर लक्ष ठेवणं महत्त्वाचं आहे. ताप मोजा, ऑक्सिमीटर असेल तर दिवसातून तीन-चारदा बोट घाला, पाणी भरपूर, तापाला पॅरासिटामॉल, आणि अंगदुखीच्या दुसऱ्या गोळ्या मेडिकलमधून विचारल्याशिवाय आणू नका, किडनीला त्रास देणाऱ्या गोळ्या असतील तर त्या या आहेत, हे बाबांना आवर्जून सांग. आईने आणि तू घरात मास्क लावा, खिडक्या उघड्या ठेवा. काढा पिणार असतील तर पिऊ दे, घोटभर काढ्याने काही बिघडत नाही, त्यावरून भांडू नकोस. वाफ मात्र उकळत्या पातेल्यावर वाकून नको, त्याने भाजलेले पेशंट मी पाहिलेत. पावसाळा आहे, तेव्हा तीन दिवस ताप राहिला तर डेंग्यू, मलेरिया, लेप्टोची तपासणी लागेलच, आणि रक्त द्यायला बाबा कदाचित तयार होतील, त्यांचा राग कोविडच्या टेस्टवर आहे. त्याच वेळी क्रिएटिनिन पण होऊन जाईल.

ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला, धाप लागली, असंबद्ध बोलायला लागले, लघवी कमी झाली तर मग त्यांच्या परवानगीची वाट बघायची नाही, १०८ ला फोन करायचा. आणि त्यांना अॅडमिट करायची वेळ आलीच तर त्यांच्याजवळ बसून सांग की मी बाहेर आहे, रोज डॉक्टरांशी बोलेन, काय देतायत ते लिहून ठेवेन आणि तुम्हाला दाखवेन. आणि तसं कर, वही घेऊन जा, रोजचं औषध, रोजचा ऑक्सिजन, कुठल्या डॉक्टरांनी काय सांगितलं, सगळं लिही.

बीपी किती आलं ते मला कळव.